कलबूत ते संगणक : खेळाच्या बुटांच्या कारखानदारीतील स्थित्यंतर

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या कार्यकारिणीने यंदा आम्हास व्याख्यानाची आज्ञा केली, तेव्हा ‘विषय आपल्या धंद्याचा असावा, पण उगाळलेला नसावा’ अशी अट घातली. आम्ही आयुष्यभर खडू आणि फळा एवढ्याच अवजारांवर पोट भरले. परंतु जन्म मात्र आरी आणि रापीच्या घरात झाला. त्यामुळे पादत्राणाचा विषय आम्हास परका नाही. या सभागृहाच्या दाराशी पडलेली पादत्राणांची रास आपण येताना पाहिलीच असेल. तीत चामड्याच्या वहाणा बोटांवर मोजाव्यात इतक्या आहेत. बाकी सारे खेळाचे बूट. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी साऱ्या पंचक्रोशीस पायताण पुरविले, त्यांची नातवंडे आज चीन, व्हिएटनाम किंवा हरियाणातील बहादूरगड येथे तयार झालेले बूट घालून या संमेलनास आली आहेत. यात खेद मानण्यासारखे काही नाही. परंतु विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. हे बूट कोठे होतात, कसे होतात, आणि संगणकाने त्या गावांचे व तेथील कारागिरांचे काय केले, हे समजून घेणे आपल्या समाजास अगत्याचे आहे. आजचा आमचा विषय हाच होय.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. खेळाच्या बुटाची मुख्य अंगे तीन. पाय झाकणारा तो अप्पर, जमिनीला टेकणारा तो सोल, आणि दोहोंच्या मध्ये असणारी फेसासारखी हलकी गादी तो मिडसोल. वरवर पाहता मामला साधा वाटतो. पण अमेरिकेतील एम.आय.टी. या विख्यात संस्थेतील संशोधकांनी २०१३ साली धावण्याच्या एका बुटाचे विच्छेदन करून दाखविले, तेव्हा त्यात ६५ सुटे भाग आणि ते घडवून जोडण्याच्या ३६० क्रिया आढळल्या. आपल्या वडिलांनी एक वहाण आरंभापासून शेवटपर्यंत एकट्याने केली. येथे एका बुटामागे शेकडो माणसांची रांग लागते. जगात वर्षाकाठी २,००० कोटींहून अधिक जोड पादत्राणे तयार होतात. त्यांपैकी निम्म्याहून अधिक एकटा चीन करतो, आणि दुसरा क्रमांक आपल्या भारताचा आहे.

आता या धंद्याच्या भ्रमंतीचा इतिहास थोडक्यात सांगतो. जर्मनीतील हर्झोगेनआउराख या लहानशा गावी डासलर नावाच्या दोन भावांचा बुटांचा कारखाना होता. भावाभावांत बिनसले, आणि एका घराची दोन घरे झाली; १९४८ मध्ये रुडॉल्फने ‘प्यूमा’ आणि १९४९ मध्ये अॅडॉल्फने ‘आदिदास’ उभी केली. भाऊबंदकीतून दोन जगद्विख्यात कंपन्या निघाल्याचे हे उदाहरण आपल्या समाजाने लक्षात ठेवावे असे आहे. आपल्याकडे भाऊबंदकीतून बहुधा फक्त कोर्टाचे खटले निघतात! त्याच १९४९ साली जपानच्या कोबे शहरी किहाचिरो ओनित्सुका या गृहस्थांनी खेळाच्या बुटांचा व्यवसाय आरंभिला. १९६२ मध्ये फिल नाइट नावाचा अमेरिकन तरुण त्यांच्या दारी गेला, त्यांचे बूट अमेरिकेत विकू लागला, आणि पुढे त्याच व्यापारातून ‘नाइकी’ ही कंपनी जन्मास आली.

जपानची मजुरी वाढली तसा धंदा दक्षिण कोरियातील बुसान आणि तैवान येथे सरकला. ऐंशीच्या दशकात बुसान ही खेळाच्या बुटांची राजधानीच होती. पुढे तेथेही कामगारांनी लढा देऊन मजुरी वाढवून घेतली, आणि नव्वदच्या दशकात कारखाने इंडोनेशिया, चीन व व्हिएटनाम येथे गेले. आज नाइकीचे सुमारे निम्मे बूट व्हिएटनाममध्ये तयार होतात. सारांश, पन्नास वर्षे हा धंदा स्वस्त हातांच्या शोधात वणवण फिरला. जेथे हात स्वस्त तेथे मुक्काम, आणि हात महाग झाले की तंबू उठला.

परंतु बुसानच्या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. शिवणकाम गेले, पण सगळे गेले नाही. चांगशिन आणि तेक्वांग यांसारख्या कोरियन कंपन्यांचे प्रचंड कारखाने आज व्हिएटनामच्या डोंग नाय प्रांतात आहेत. मात्र नमुना तयार करणे, साचा काढणे, नवे द्रव्य तपासणे ही कामे त्यांनी बुसानच्या परिसरात राखली. हात गेले, डोके राहिले. ज्या घरांतील मुले रेखाटन व साचेकाम शिकली ती टिकली. ज्यांच्या हाती केवळ शिवण होती त्यांस दुसरा रोजगार शोधावा लागला. हा भेद आपण मनात पक्का धरावा, कारण पुढील साऱ्या विवेचनाचे सूत्र तेच आहे.

आता संगणक या धंद्यात कोठून शिरला ते पाहू. तो पुढल्या दाराने आला नाही, मागल्या दाराने आला. लोकांस वाटते की यंत्रमानव येऊन शिवणयंत्रावर बसला. वस्तुतः तो प्रथम आला तो कागद, पेन्सिल आणि कलबूत यांच्या जागी.

कलबूत म्हणजे ज्यावर बूट चढवितात तो पायाचा साचा; काही ठिकाणी त्यास फर्मा म्हणतात. पूर्वी निष्णात कारागीर लाकूड तासून कलबूत करी, आणि तळव्याची रुंदी, चवड्याचा उंचवटा व टाचेचा कल हे सारे त्याच्या बोटांत साठविलेले असे. आता पायाचे त्रिमित छायांकन करणारे यंत्र काही क्षणांत पायाची मापे घेते. कलबुताचा आकार पडद्यावर फिरवून बदलता येतो, आणि तो आकडा यंत्रास दिला की यंत्र तसेच कलबूत कोरून देते. नमुन्याचा बूट पूर्वी हाताने करून विमानाने परदेशी पाठवीत. नापसंत झाला की पुन्हा नवा. आता पसंती-नापसंती पुष्कळशी पडद्यावरील चित्रावरच होते, आणि प्रत्यक्ष नमुने थोडे करावे लागतात.

दुसरी पायरी कापणीची. लोखंडी डाय ठेवून दाबयंत्राने कापण्याची जुनी रीत आपणांपैकी अनेकांनी पाहिली आहे. प्रत्येक भागास आणि प्रत्येक मापास वेगळा डाय लागे, व तो करवून घेण्यात दिवस जात. आता संगणकाच्या आज्ञेने थरथरणारे पाते किंवा लेसरचा किरण थेट कापतो. डाय लागत नाही. शिवाय एका पन्ह्यावर तुकडे कसे मांडले असता कातरण कमी पडेल, हा हिशेबही संगणकच करतो.

येथे आम्ही आपले लक्ष एका बारीक गोष्टीकडे वेधू इच्छितो. खेळाच्या बुटांत यंत्र एवढ्या सुखाने का शिरले? कारण त्याचे कापड कारखान्यात विणलेले, एकसारखे, बिनडागाचे. चामड्याचे तसे नाही. पाठीचे कातडे घट्ट, पोटाचे सैल. कोठे गोचिडीचा डाग, कोठे काट्याचा ओरखडा. एका अंगाने ताणते, दुसऱ्या अंगाने ताणत नाही. रापी कोठून फिरवावी हे कातडे पाहून ठरते. यंत्रास हे शिकविता येत नाही असे नाही. आता डाग टिपणारे कॅमेरेही निघाले आहेत. पण त्यास शिकविण्यासाठीही प्रथम ते जाणणारा माणूस लागतो. तो माणूस आपल्या घरात आहे, याचे भान असावे.

तिसरी पायरी शिवणीची. २०१२ साली नाइकीने ‘फ्लायनिट’ आणि त्याच वर्षी आदिदासने ‘प्राइमनिट’ नावाचे बूट काढले. यांचा अप्पर कापून शिवलेला नाही. स्वेटरप्रमाणे यंत्रावर एकसंध विणलेला आहे. कोठे दाट वीण, कोठे विरळ, कोठे लवचिक, हे सारे संगणकाच्या आज्ञावलीत लिहिलेले. अनेक तुकडे, त्यांची कापणी आणि त्यांची शिवण ही सारी कामे अशा बुटातून एका फटक्यात गेली, आणि कातरणही फार थोडी उरली.

चौथी पायरी जोडणीची. आणि येथेच यंत्राची गाडी अडली. मऊ अप्पर कलबुतावर सुरकुती न पडता ओढून बसविणे, कडेला नेमका डिंक लावणे, सोल नेमका चिकटविणे, हे काम पाहण्यास सोपे आणि करण्यास अवघड. माणसाचा अंगठा सुरकुती पाहण्यापूर्वीच ओळखतो. शिवाय मापे अनेक, डावा-उजवा वेगळा, आणि हंगाम बदलला की नमुनाही नवा. डिंकाचा फवारा मारणारी व तळ खरवडणारी यंत्रे अनेक कारखान्यांत आली आहेत, परंतु सारी रांग माणसावाचून चालविणे आजवर कोणास फायदेशीर साधलेले नाही.

हे केवळ आमचे मत नव्हे. याचा मोठा प्रयोग होऊन गेला आहे. आदिदास कंपनीने २०१५ च्या अखेरीस जाहीर केले की आम्ही बूट पुन्हा जर्मनीत करणार. अन्सबाख या गावी ‘स्पीडफॅक्टरी’ नावाचा यंत्रमानवांचा कारखाना उभा राहिला; दुसरा अमेरिकेत अटलांटाजवळ. प्रत्येकात माणसे सुमारे १६०, आणि उद्दिष्ट वर्षाला पाच लाख जोडांचे. वर्तमानपत्रांनी लिहिले की आता आशियातील बुटांची गावे ओस पडणार. प्रत्यक्षात काय झाले? नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने दोन्ही कारखाने बंद करण्याचे जाहीर केले, आणि २०२० मध्ये ते बंद झाले. त्या यंत्रांना विणलेल्या अप्परचे धावण्याचे बूट तेवढे करता येत. चामड्याचा अप्पर आणि रबरी सोल यांचा बूट त्यांस करता येत नव्हता, कारण त्याची जोडणी निराळी. आणि कापड, फेस, नाडी, साचा हे सारे पुरविणारी माणसे व कारखाने होते आशियात. तेव्हा कंपनीने ती विद्या उचलून व्हिएटनाम व चीन येथील आपल्या पुरवठादारांकडे नेली. मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे नाइकीसाठी फ्लेक्स कंपनीने असाच प्रयत्न आरंभिला होता. तोही २०१८ च्या अखेरीस गुंडाळला गेला.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की यंत्राचे भय व्यर्थ आहे. तो निष्कर्ष उतावळेपणाचा होईल. यंत्र हरले नाही. ते एकटे पडले म्हणून परत गेले, आणि जेथे कारागिरांची वस्ती होती तेथे जाऊन राहिले. बुटांचे गाव म्हणजे केवळ कारखाना नव्हे. नाडी विणणारा, डिंक विकणारा, सुई दुरुस्त करणारा, रात्री बारा वाजता तातडीने साचा बदलून देणारा, अशा शेकडो माणसांचा शेजार म्हणजे बुटांचे गाव. संगणकास हा शेजार विकत घेता आला नाही. हीच आपल्यासारख्या पिढीजात कारागिरांच्या वस्त्यांची खरी ठेव आहे.

असा शेजार आणि संगणक यांचे सख्य कसे जमते, हे पाहावयाचे तर चीनच्या फुजियान प्रांतातील जिनजियांग शहराकडे पाहावे. १९७९ नंतर तेथील चेनदाई गावच्या कुटुंबांनी नातलगांत पैसा गोळा करून, परदेशी गेलेल्या भाऊबंदांची मदत घेऊन, घराघरांतून बुटांचे लहान कारखाने काढले. त्यांपैकी एका घरातील डिंग शिझोंग नावाचा कुमारवयीन मुलगा गावच्या बुटांचे सुमारे ६०० जोड घेऊन विक्रीसाठी बीजिंगला गेला. पुढे १९९१ साली त्या घराने ‘आन्ता’ ही कंपनी काढली. आज ती चीनमधील अग्रगण्य क्रीडासाहित्य कंपन्यांपैकी आहे. एक्सटेप, ३६१ अंश आणि पीक या कंपन्याही त्याच प्रांताच्या त्याच टापूतून वर आल्या.

मात्र त्यांच्यावरही संकट आले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर साऱ्यांनी भरमसाट दुकाने काढली आणि भरमसाट बूट केले. २०१२ च्या सुमारास गोदामे तुंबली. कारखान्यास ठाऊक नव्हते की दुकानात काय खपते. घाऊक व्यापाऱ्याने मागितले ते त्याने केले, आणि व्यापाऱ्याने अंदाजाने मागितले. मग आन्ताने दुकानाचा रोजचा हिशेब थेट आपल्याकडे घेण्याची व्यवस्था आरंभिली, आणि २०२० पासून अनेक प्रांतांत मधल्या वितरकास वगळून दुकाने स्वतःच्या हाती घेतली. कोणत्या गावी कोणते माप, कोणता रंग खपला, हे त्याच दिवशी कारखान्यास कळू लागले; मग थोडे करावे आणि खपले तर पुन्हा करावे, अशी रीत पडली. बंधुभगिनींनो, डिजिटल परिवर्तन म्हणून जो मोठा शब्द आपण ऐकतो, त्याचे अर्धे मर्म या हिशेबाच्या वहीत आहे. आपल्याकडील कारागीर नेहमी याच रोगाने मेला. त्यास ग्राहक ठाऊक नाही. त्यास ठाऊक फक्त दलाल.

त्याच प्रांतातील पुतियान शहराची कथा याच्या उलट. परदेशी कंपन्यांचे बूट करून करून तेथील कारागिरांचा हात एवढा बसला की हुबेहूब नकली बूट करण्यात ते शहर जगभर प्रसिद्ध झाले. हात उत्तम, पण नाव दुसऱ्याचे. म्हणून अपकीर्ती पदरी आली. कौशल्य असून स्वतःचे नाव नसणे ही केवढी हानी, हे पुतियान शिकविते.

आता या स्थित्यंतराची काळी बाजूही सांगितली पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०१६ साली एका अहवालात म्हटले होते की वस्त्र, पोशाख व पादत्राणांच्या धंद्यातील पगारी कामगारांपैकी व्हिएटनाममध्ये ८६ टक्के आणि कंबोडियात ८८ टक्के लोकांच्या नोकऱ्यांस यंत्रामुळे मोठा धोका आहे. त्या अहवालानंतर इतकी वर्षे लोटली. ते कारखाने माणसांनी अद्याप भरलेले आहेत. तेव्हा नोकऱ्या एका रात्रीत गेल्या नाहीत हे खरे. परंतु कामाचे स्वरूप पालटले. पूर्वी मुकादम डोळ्याने पाहत असे. आता प्रत्येक यंत्र किती टाके पडले, किती क्षण थांबले, याची नोंद करते. ही नोंद कामगाराच्या हिताची होऊ शकते, कारण त्याने केलेले काम कोणी लपवू शकत नाही. आणि ती त्याच्या गळ्याचा फासही होऊ शकते, कारण उसंतीचा प्रत्येक क्षण मालकाच्या पडद्यावर उमटतो. या कारखान्यांत बहुसंख्या स्त्रियांची आहे. ज्या कामास त्या बसतात, ती शिवणीची व जोडणीची कामेच प्रथम यंत्राच्या वाटेवर आहेत. वही कोणाच्या हाती आहे, यावर सारे अवलंबून आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. दिल्लीजवळील बहादूरगड हे हरियाणातील गाव खेळाच्या व इतर बिनचामड्याच्या बुटांचे मोठे केंद्र झाले आहे. आग्रा चामड्याच्या बुटांसाठी पूर्वीपासून प्रसिद्धच आहे. परंतु सर्वांत मोठी हालचाल तमिळनाडूत चालली आहे. तिरुवन्नामलई जिल्ह्यातील चेय्यार येथे तैवानच्या फेंग ताय कंपनीचा कारखाना कित्येक वर्षांपासून नाइकीचे बूट तयार करीत आहे, आणि तेथे आसपासच्या खेड्यांतील हजारो मुली कामास जातात. २०२२ साली त्या राज्याने पादत्राणांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. २०२३ मध्ये तैवानच्याच पाऊ चेन या कंपनीने कळ्ळाकुरिची जिल्ह्यात २,३०२ कोटी रुपये गुंतविण्याचा करार केला. केंद्र सरकारनेही फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात चामडे व पादत्राणांसाठी एक योजना सांगितली. तीतून २२ लाख लोकांस रोजगार मिळेल अशी अपेक्षा व्यक्त केली, आणि बिनचामड्याच्या बुटांचे रेखाटन व यंत्रसामग्री यांसही तीत स्थान दिले. ऑगस्ट २०२४ पासून पादत्राणांच्या गुणवत्तेविषयी सरकारी मानकांचे नियमही लागू झाले. म्हणजे कोबे, बुसान, जिनजियांग, डोंग नाय अशी भटकत आलेली ही स्वारी आता आपल्या अंगणात उतरू पाहत आहे.

एक विशेष गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपण आजवर इंग्रजी किंवा युरोपीय मापांचे बूट घालीत आलो, आणि चवड्यात बूट आवळतो म्हणून एक माप मोठे घेत आलो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांच्या पायांची मापे त्रिमित छायांकनाच्या यंत्राने घेतली. निष्पन्न असे झाले की भारतीय पाऊल चवड्यात अधिक रुंद असते. मुलींच्या पावलाची वाढ सुमारे अकराव्या वर्षी आणि मुलांच्या पावलाची पंधराव्या-सोळाव्या वर्षी पूर्णत्वास येते. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचविण्यात आली आहे. आपल्या जुन्या कारागिरांस हे रुंद पाऊल ठाऊक नव्हते काय? अवश्य ठाऊक होते! गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवून रेघ ओढताच त्यांस ते कळे. परंतु त्यांनी ते कोठे लिहून ठेविले नाही. म्हणून ते ज्ञान त्यांच्याबरोबर चितेवर गेले. यंत्राने काही नवे सत्य शोधले असे नाही. जुनेच सत्य मोजून लिहून काढले. लिहिलेल्यास मोल आले.

आपल्या महाराष्ट्रात खेळाच्या बुटांचे असे एखादे प्रचंड केंद्र नाही. परंतु कारागीर आहेत, आणि कोल्हापुरीसारखे नाव आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे यांचा तीत समावेश आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात तशाच घाटाच्या चपला आपल्या म्हणून मिरविल्या, तेव्हा केवढा गहजब झाला हे आपण वाचलेच आहे. मानांकनाचा कागद हाती होता, म्हणून आवाज उठविता आला. आणि त्या कंपनीस या चपलेचे मूळ मान्य करणे भाग पडले. त्याच वर्षी संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाने चपलेवर क्यूआर खूण लावण्याचा उपक्रम सांगितला. ती खूण मोबाइलवर पाहिली असता चप्पल कोणी व कोठे केली ते कळावे असा हेतू. आन्ताचा हिशेब आणि ही खूण, दोहोंचे तत्त्व एकच. करणारा आणि घालणारा यांच्यामधला पडदा दूर व्हावा.

आता थोडे मनातले बोलतो. ज्या काळी हा धंदा हलका मानला जात होता, त्या काळी तो सक्तीने आपल्या गळ्यात होता. कातड्याच्या वासाबद्दल आपल्या वाडवडिलांनी काय काय सोसले, ते या सभेस सांगावयास नको. ‘मुला, शिक, आणि आरीपासून सुट,’ असे ज्या पिढीने मुलांस सांगितले तिने ते विचारपूर्वक सांगितले. आम्हीही वर्गात हेच सांगत आलो, आणि ते योग्यच होते. परंतु आज हा धंदा वातानुकूलित खोलीत, पडद्यासमोर बसून करण्याची विद्या झाला आहे. बुटाचे रेखाटन करणाऱ्यास अभियंत्याचा मान आहे. त्या खुर्चीवर आज कोण बसत आहे? ज्यांच्या घरात कधी कातड्याचा तुकडा आला नाही त्यांची मुले बसत आहेत. त्यांनी बसावे, विद्या कोणाच्या बापाची नाही. पण अपमानाच्या दिवसांत धंदा आपला, आणि मानाच्या दिवसांत तो दुसऱ्याचा, हा न्याय आपण मुकाट्याने स्वीकारावा काय? मुलाने पुन्हा वडिलांच्या जागी जमिनीवर बसावे असे आम्ही म्हणत नाही. वडिलांच्या बोटांतील ज्ञान घेऊन त्याने त्या खुर्चीवर बसावे, असे आमचे म्हणणे आहे.

याकरिता मंडळाने काय करावे, याविषयी चार सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली सूचना शिक्षणाची. मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीतून दरवर्षी निदान दोन शिष्यवृत्त्या पादत्राणांचे रेखाटन व तंत्र शिकणाऱ्यांसाठी राखाव्यात. त्यांतील एक मुलीस द्यावी. केंद्र सरकारच्या ‘एफ.डी.डी.आय.’ या संस्थेस २०१७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला आहे. तिची विद्यालये नोएडा, चेन्नई यांप्रमाणेच आपणांस त्यातल्या त्यात जवळ असलेल्या अंकलेश्वर व हैदराबाद येथेही आहेत. आपल्या किती घरांना हे ठाऊक आहे?

दुसरी सूचना नोंदीची. समाजात आज कलबूत करणारे, कापणी जाणणारे, वेणी-वादीचे नाजूक काम करणारे जे वृद्ध हयात आहेत, त्यांची यादी करावी. त्यांच्या कामाचे चित्रण करावे. त्यांचे साचे कागदावर उतरवून मापांसह जपावेत. हे काम कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी सुटीत करावे. मोबाइल तर प्रत्येकाच्या खिशात आहेच. त्याचा उपयोग आजोबांचे बोलणे नोंदविण्यासाठी झाला तर तो सार्थकी लागेल.

तिसरी सूचना सामाईक यंत्राची. संगणकाने चालणारे कापणीयंत्र एकट्या कारागिरास परवडत नाही. दहा-वीस घरांच्या सहकारी संस्थेस परवडू शकते. जिनजियांगची घरे नातलगांचे भांडवल जमवून उभी राहिली. आपल्यात लग्नाच्या मांडवासाठी भांडवल जमते. यंत्रासाठी का जमू नये?

चौथी सूचना सावधपणाची. आपला साचा, आपले चित्र किंवा आपल्या ग्राहकांची यादी लेखी कराराशिवाय कोणाच्या हाती देऊ नये. पूर्वी चोर वहाण चोरी. तेव्हा एक जोड जाई. आता पडद्यावरून साचा चोरीस जातो, तेव्हा सारा धंदा जातो. आणि जी मुले-मुली कारखान्यांत कामास जातील, त्यांनी यंत्रात पडणारी कामाची नोंद स्वतःस पाहण्यास मिळावी असा आग्रह धरावा. मजुरीचा हिशेब दोघांनी पाहिला तरच तो हिशेब होय.

बंधुभगिनींनो, यंत्रास जात नाही. पण यंत्रापर्यंत कोण पोहोचते आणि कोण पोहोचत नाही, यात मात्र जुनी दरी दिसून येते. ती दरी शोक करून बुजणार नाही. शिक्षण, नोंद आणि एकी यांनी बुजेल. अन्सबाखच्या यंत्रमानवास जे साधले नाही ते कारागिरांच्या शेजाराने साधले, आणि बुसानच्या हातांनी जे गमावले ते तेथील शिकलेल्या डोक्यांनी राखले. हे दोन धडे एकत्र वाचले, तर पुढील पिढीने कोठे बसावे याचे उत्तर मिळते.

 मंडळाच्या कार्यास सुयश चिंतून, आणि वरील सूचनांपैकी निदान एक पुढील संमेलनापूर्वी अमलात यावी अशी अध्यक्षमहाराजांस विनंती करून, आम्ही आपली रजा घेतो.